सत्तेचाळीसवर अडकलेली उंची

जानेवारीतला रविवार होता. बेळगावहून वेंगुर्ले रस्त्यानं हिंडलगा, सुळगा मागं टाकून उचगावच्या शिवारात आलं की भात कापून मोकळी झालेली शेतं लागतात. ज्यांच्या शेतात आम्ही विमानं उडवतो त्यांना आम्ही मामा म्हणतो. बांधाच्या एका बाजूला त्यांचा मसूर असतो, तेवढा तुडवायचा नाही, एवढीच त्यांची अट.

माझं विमान म्हणजे दोन मीटर पंखांचं फोमचं ग्लायडर, नाकावर छोटी मोटर. हातानं फेकायचं, मोटर चालू ठेवून वर न्यायचं, मग मोटर बंद करून तरंगत ठेवायचं. त्याच्या पोटात हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर आहे. त्याचा आकडा विमानातल्याच रिसीव्हरमार्फत माझ्या हातातल्या ट्रान्समीटरवर येतो आणि दर पाच सेकंदांनी ट्रान्समीटर तो बोलून दाखवतो. त्या दिवशी बारा, एकोणतीस, सत्तेचाळीस असं ठीक चाललं होतं. पुढच्या पाच सेकंदांनी परत सत्तेचाळीस. मग पुन्हा सत्तेचाळीस. माझी नजर विमानावर होती आणि कानाला आकडा ओळखीचा वाटत होता, म्हणून ते ध्यानात यायला वेळ लागला. बांधावर बसलेले मामाच म्हणाले, "काय ओ, आज लई वर गेलं न्हवं? घारीला लागंल की."

वर बघितलं तर खरंच एक घार होती आणि माझं विमान तिच्याएवढं दिसत होतं. मोटर बंद केली, नाक खाली घातलं, मोठ्या वळणांनी खाली आणलं. विमान गवतावर टेकलं तरी ट्रान्समीटर सत्तेचाळीसच म्हणत होता.

हा आवाज माझ्या मुलीचा आहे. ट्रान्समीटरमध्ये ओपनटीएक्स ही खुली प्रणाली आहे आणि तिचे बोलायचे आवाज एसडी कार्डावर साध्या वेव्ह फायलींत असतात. इंग्रजी आकड्यांसाठी शून्यापासून शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याची वेगळी फाईल ठेवलेली असते. मराठीला हे अगदी सोयीचं पडलं, कारण आपले एकोणतीस, त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर हे जोडून तयार होत नाहीत, प्रत्येक आकडा स्वतंत्रच म्हणावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत तिनं सगळे आकडे एका दुपारी म्हणून दिले, 'उणे' आणि 'मीटर' हे शब्दही. नावं तीच ठेवून फायली बदलल्या, एवढंच काम. उडवताना पडद्याकडे बघता येत नाही, म्हणून कानावर पडणाऱ्या आकड्यावर माझा पूर्ण भरवसा असतो.

आणि आकड्याला किंमत आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या पट्ट्यात, म्हणजे जिथं आधी परवानगी घ्यावी लागत नाही तिथं, जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटर, ही मर्यादा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ती २०० फूट, म्हणजे ६० मीटर होते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचंच नाही. आपला विमानतळ सांबऱ्याला, शहराच्या पूर्वेला. म्हणून आम्ही उडवायला पश्चिमेला येतो. लहानपणी सांबऱ्याच्या कुंपणाबाहेर सायकल टेकवून तासन् तास उभा राहिलेला माणूस आहे मी. वर माणसं बसलेलं विमान असू शकतं ही जाणीव मला नियम वाचून आलेली नाही. त्यामुळे त्या रविवारी मी दुसरं उड्डाण केलं नाही.

रात्री ट्रान्समीटरचं कार्ड संगणकाला लावलं. प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवायची सोय मी चालू ठेवतो, एका सेकंदाला दहा ओळी. उंचीच्या रकान्यात ४७ आल्यावर खाली शेवटपर्यंत ४७ च. चढण्याचा वेग दाखवणारा रकानाही तिथंच गोठलेला. पण शेजारी सिग्नलची ताकद दाखवणारा आकडा खालीवर होत होता, आणि रिसीव्हरचा व्होल्टेजही. हे दोन आकडे रिसीव्हर स्वतः पाठवतो. उंची आणि चढ हे सेन्सरकडून वायरीनं रिसीव्हरमध्ये येतात. म्हणजे हवेतून येणारा संपर्क शाबूत होता. सेन्सर आणि रिसीव्हर यांच्या मधल्या वीतभर वायरीतच काहीतरी तुटलं होतं. ट्रान्समीटरची अँटेना बदलायची का, असा विचार मी येताना गाडीवर करत होतो. नोंद बघितली नसती तर ती बदलून बसलो असतो.

विमान किती वर गेलं असेल, हेही त्या नोंदीवरून काढलं. ४७ मीटरपर्यंत पोचायला तेरा सेकंद लागले होते, म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीन मीटर. मोटर त्यानंतर आणखी सत्तावीस सेकंद चालली होती. हिशेब १४० मीटरच्या आसपास जातो. वहीत तो आकडा लिहून ठेवला तेव्हा बरं वाटलं नाही.

मी ११० मीटरला इशारा लावलेला होता, पण ज्या आकड्यावर तो अवलंबून तो आकडाच ४७ वर मेलेला, तर इशारा वाजणार कसा? सेन्सर हरवला की ट्रान्समीटर स्वतःहून तशी सूचना देतो. ती सूचनाही मीच बंद केली होती. टेबलावर काम करताना दर दोन मिनिटांनी यायची म्हणून टेलिमेट्रीच्या, म्हणजे विमानाकडून येणाऱ्या आकड्यांच्या, सूचना बंद केल्या आणि परत चालू करायच्या राहिल्या. पडद्यावर जुना झालेला आकडा लुकलुकत असतो, पण वर बघणाऱ्याला तो दिसत नाही.

वायर शोधणं सोपं निघालं. विमान टेबलावर ठेवून चालू केलं, उंचीचा आकडा पडद्यावर ठेवला आणि काडीनं एकेक वायर हलवली. सिग्नलची पिवळी वायर पिनेपाशी वाकवली की आकडा लुकलुकायचा. पिन मी घरी दाबून बसवली होती, आणि दाबताना आतल्या बारीक तारा अर्ध्या कापल्या गेल्या होत्या. वरचं आवरण धड असल्यामुळे डोळ्याला काही दिसत नव्हतं. मोटरच्या थरथरीनं उरलेल्या तारा एकेक करून तुटल्या असणार. उद्यमबागमध्ये माझं लेथचं काम आहे, दिवसभर मिलिमीटरच्या दोन शतांशांचं माप धरतो, पण ही पिन मी साध्या पक्कडीनं दाबली होती. या वेळी मित्राकडून खास दाबयंत्र आणलं, नवी पिन बसवली, आणि वायरीला थोडा ढील ठेवून गरम गोंदानं धरून ठेवली, म्हणजे थरथर पिनेवर जाणार नाही.

इथं काम संपायला हवं होतं. पण आता सेन्सरचा आकडा तरी खरा आहे का, हे मला बघायचं होतं. त्याच मित्राकडे तशाच बनावटीचा दुसरा सेन्सर होता. दोन्ही एकाच वेळी लावून आकडे ताडून बघावेत म्हटलं, तर दोन्ही गायब! एक काढला की दुसरा नीट चाले, दोन्ही लावले की एकही नाही. माझा रिसीव्हर सेन्सरशी ज्या एस.पोर्ट पद्धतीनं बोलतो, तिच्यात सगळे सेन्सर एकाच सिग्नल वायरीवर असतात. रिसीव्हर शाळेतल्या हजेरीसारखा एकेक क्रमांक पुकारतो, असे एकूण २८ क्रमांक, आणि ज्याचा पुकारला त्यानंच उत्तर द्यायचं. एकाच बनावटीचे दोन सेन्सर कारखान्यातून एकच क्रमांक घेऊन आले होते, त्यामुळे दोघं एकदम बोलायचे आणि रिसीव्हरला एकाचंही कळायचं नाही. क्रमांक बदलायची छोटी डबी मित्राकडे होती. त्याच्या सेन्सरला हात लावणं बरं नव्हे म्हणून मी माझ्याच सेन्सरचा क्रमांक बदलला, ट्रान्समीटरवर नवीन सेन्सर शोधायला लावले, आणि यादीत उंचीच्या दोन ओळी आल्या. दोघांच्या आकड्यांत अर्ध्या मीटरचाही फरक नव्हता. मित्राचा सेन्सर परत दिला. या बदलानं मी एक नवा घोटाळा करून ठेवला होता, तो पुढे सापडला.

दोन सेन्सर जुळले म्हणून दोन्ही बरोबर, असं होत नाही. मोजमाप दुसऱ्या कशाशी तरी ताडायला पाहिजे. टिळकवाडीत भाचा राहतो त्या इमारतीच्या जिन्याच्या मोकळ्या चौकात वरून खाली टेप सोडली, १२.४ मीटर भरली. मग विमान हातात धरून दहा वेळा वर-खाली केलं. भाचा आकडे लिहून घेत होता. चौथ्या फेरीला शेजारच्या आजी दार उघडून म्हणाल्या, "काय मोजालायसा रे पोरांनो?" त्यांना सांगितल्यावर त्यांनी पाणी आणून दिलं. सरासरी आली ११.६ मीटर. ऐंशी सेंटिमीटर कमी.

सेन्सर खोटा की आणखी काही? ते ठरवायला थेट दाबच मोजावा असं मनात आलं, आणि त्यासाठी लागणारं हत्यार प्रत्येक गवंड्याकडे असतं. लेव्हल बघायची पारदर्शक नळी. प्लॅस्टिकची बरणी घेतली, आत सेन्सर ठेवला, झाकणातून वायर आणि दोन नळ्या बाहेर काढून एम-सीलनं फट बुजवली. एका नळीला सिरिंज जोडली, दुसरी लेव्हल नळीच्या एका टोकाला जोडली. लेव्हल नळी यू आकारात फळीवर बसवून तिच्यात रंगीत पाणी भरलं आणि मागं पट्टी लावली. सिरिंजनं हवा ओढली की बरणीतला दाब कमी होतो, सेन्सरला वाटतं आपण वर चाललो, आणि किती दाब कमी झाला ते पाण्याच्या पातळीतल्या फरकावरून कळतं. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ९८ पास्कल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, तिथं प्रमाण वातावरणाच्या (कुठल्या उंचीला किती दाब आणि तापमान धरायचं याचं ठरलेलं कोष्टक) सूत्रानं हा दाब पावणेनऊ मीटर उंचीइतका होतो. पाच सेंटिमीटरला ४४ मीटर यायला हवेत. पडद्यावर ४४ च आले. आठला ७०.

म्हणजे सेन्सर दाब बरोबर वाचत होता. मग जिन्यात ऐंशी सेंटिमीटर गेले कुठं? रात्री वही घेऊन बसल्यावर उलगडलं. सेन्सर उंची मोजतच नाही, दाब मोजतो, आणि दाबावरून उंची काढताना प्रमाण वातावरण गृहीत धरतो. त्या कोष्टकात समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. त्या हिशेबानं आपल्या उंचीवर हवा दहा अंशांची असायला हवी. जिन्यात त्या दुपारी तीस अंश होते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच दाब कमी व्हायला जास्त उंच जावं लागतं. फरक सात टक्के. ११.६ मध्ये सात टक्के मिळवले की १२.४ येतात! टेपचा आणि माझा आकडा वहीत एकमेकांखाली लिहिले तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

याचा अर्थ असा, की उन्हाच्या दिवशी पडद्यावर ११२ मीटर दिसतात तेव्हा विमान १२० ला पोचलेलं असतं. चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे. म्हणून इशारा ११० वरून १०५ वर आणला.

तो वाजतो का हे बघायला बरणी हाताशी होतीच. तेरा सेंटिमीटर पाणी ओढलं, पडद्यावर ११४ मीटर, आणि इशारा गप्प! मी परत परत ओढलं. मग ट्रान्समीटरच्या तर्क-स्विचांच्या, म्हणजे अट पुरी झाली की आपोआप चालू होणाऱ्या स्विचांच्या, पानावर गेलो, आणि तो मघाचा घोटाळा सापडला. इशारा उंचीच्या पहिल्या ओळीला बांधलेला होता. ती ओळ जुन्या क्रमांकाची, म्हणजे आता मित्राच्या घरी गेलेल्या सेन्सरची. माझा सेन्सर दुसऱ्या ओळीत होता. दोन्ही ओळींचं नाव एकच, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. जुनी ओळ पुसली, इशारा आणि बोलणं दोन्ही नव्या ओळीला जोडलं, आणि तेरा सेंटिमीटरला इशारा वाजला. वायर नीट केल्यावर त्याच उत्साहात शेतात गेलो असतो तर पुन्हा तसाच इशाऱ्याविना उडवत बसलो असतो. ती बरणी मी आता मोडणार नाही. क्रमांक किंवा ओळ बदलली की आधी बरणी, मग शेत.

फेब्रुवारीत परत गेलो. आकडा आता जिवंत होता, पण जमिनीजवळून जोरात नेलं की मुलीचा आवाज यायचा, "उणे चार मीटर". विमान डोक्याच्या वर दोन माणसं उंच, आणि आकडा जमिनीखाली. खाली उतरून विमान हातात घट्ट धरलं आणि थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा जोर वाढवला. विमान जागचं हललं नाही तरी उंची तीन मीटरनं उतरली. नाकात मोटर थंड ठेवायला भोक आहे. वारा तिथून आत शिरून पोटात दाब वाढवत होता, आणि वाढलेला दाब म्हणजे सेन्सरच्या लेखी कमी उंची. सेकंदाला पंधरा मीटर वेगाचा, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरचा वारा पूर्ण अडवला तर साडेअकरा मीटरची चूक पडते. हे गणित सोपं आहे, वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाच्या दुपटीनं. माझ्या विमानात त्यातला काही भाग येत होता. सेन्सर मागं शेपटीच्या नळीकडे सरकवला, मधे फोमची भिंत घातली, हवा बाहेर जायचं मागचं भोक मोठं केलं. सेन्सरवर काळ्या स्पंजचा तुकडाही चिकटवला. सेन्सरमधल्या दाब मोजणाऱ्या चिपच्या डबीला बारीक छिद्र असतं, त्यातून ऊन आत गेलं तरी आकडा हलतो, हे झाकण उघडून बघताना दिसलं होतं. पुन्हा थ्रॉटलची चाचणी घेतली. तीन मीटरची चूक अर्ध्यावर आली नाही, अर्ध्या मीटरच्याही खाली गेली.

एक गोष्ट मात्र बिघाड नव्हतीच. सकाळी दहाला आलो की जमिनीवर शून्य असायचं, आणि दुपारी तीनला त्याच जागी, त्याच गवतावर वीस मीटर. मला आधी सेन्सर तापतो असं वाटलं. पण आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज भरती-ओहोटीसारखा चालतो. सकाळी दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी, आणि फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. आपल्याकडे एक हेक्टोपास्कल म्हणजे नऊ मीटर. ट्रान्समीटर दिवसभर चालू ठेवला की सकाळचं शून्य तसंच धरून बसतो. मी आता एका स्विचवर टेलिमेट्री शून्य करायची सोय लावली आहे. प्रत्येक फेकीआधी तो दाबायचा, आणि मुलीच्या आवाजात "शून्य मीटर" ऐकल्याशिवाय विमान हातातून सोडायचं नाही. मामांनाही ते पाठ झालंय. परवा मी बोलण्याच्या नादात सोडायला निघालो तर बांधावरून म्हणाले, "थांबा की ओ, शून्य झालं न्हाई अजून."

सगळ्या सूचना परत चालू आहेत. गेल्या रविवारी सहा उड्डाणं झाली. सर्वांत वरची नोंद ९८ मीटर. इशारा एकदाही वाजला नाही, पण घरी येऊन बरणीत वाजवून बघितला.

एक काम उरलंय. वारा असला की कानाला एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच लागतात. परीक्षा संपली की मुलगी ते दोन आकडे परत म्हणून देणार आहे, 'साठ' आणि 'सत्तर' वर जोर देऊन.